सारथी चौथ्या ओळीत

३ फेब्रुवारी, मंगळवार

टिटवे,

थोरल्या भावाने आशीर्वादाने सुरुवात करावी, तर तू पहिल्या ओळीवरच पत्राची घडी घालशील. 'सप्रेम' लिहावं, तर आपल्या दोघांनाही हसू येईल. म्हणून नुसती हाक मारतो. ह्या नावाने आता तुला दुसरं कोणी हाक मारत असेल, तर ते माझ्या मालकीचं आहे असं त्याला कळव. सहा वर्षं वापरलं नाही म्हणून मालकी जात नाही.

पत्र कार्यालयीन आहे, घाबरू नकोस.

आपल्या शब्दकोशाची वेबसाइट नव्याने करायचं ठरलं आहे. तू बांधलेली जाणार. एका कंपनीला काम दिलं असून तिच्याकडून एक तंत्रज्ञ बाई आठवड्यातून तीनदा येतात. पहिल्या दिवशी त्यांनी तुझे साचे उघडले, दहा मिनिटं वरखाली पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

"माझ्या धाकट्या बहिणीने."

"कुठे असतात त्या?"

"दुसऱ्या गावी."

"मग विचारा ना त्यांना. एक फोन करा."

"करतो की," मी म्हणालो. त्याला बारा दिवस झाले. हा तो फोन.

आमच्या कार्यालयात आता पाच माणसं उरली आहेत आणि त्यातल्या चौघांना वाटतं की वेबसाइट म्हणजे पडद्याच्या आत बसलेला कुणीतरी. म्हणून तुझ्या फाइलींची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मूळ साच्यात तू तीन स्टाइलशीट जोडल्या आहेस. स्टाइलशीट म्हणजे पानाचे कपडे, एवढं मला कळलं आहे. त्यांची नावं 'नितळ', 'वेष' आणि 'अपवाद'. खाली चार स्क्रिप्ट आहेत, म्हणजे पानाचे हातपाय. 'सारथी', 'शोध', 'उच्चार', 'अनुक्रम'. नावं माझ्याकडूनच उचललेली दिसतात, त्याबद्दल कार्यालय तुझ्याकडे खुलासा मागणार नाही. पण कोणती फाइल काय करते आणि कोणती काढली तर चालेल, एवढं चार ओळींत लिहून पाठवशील का?

आई तुझ्याकडे राहायला गेली त्याला चौदा महिने झाले. घर ठीक आहे. चार खुर्च्यांतली एकच झिजते. परवा मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर बसून पाहिलं, तर कुणाच्या तरी घरी पाहुणा गेल्यासारखं वाटलं, म्हणून उठलो.

उद्घाटनाच्या त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तुलाही ते नको असेल.

दादा


११ फेब्रुवारी, बुधवार

टिटवे,

आईला फोन केला होता. "माझं पत्र पोचलं का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "पोचलं की. फ्रिजवर ठेवलंय."

"उघडलंय का?"

"उघडलेलं दिसतंय. पण मी विचारलं नाही बाबा. तुमच्या दोघांच्या मध्ये मी पडणार नाही. मागे पडले होते, तेव्हा दोघांनी मलाच ऐकवलं."

म्हणजे तू वाचते आहेस, किंवा निदान फोडते आहेस. तेवढ्यावर मी आणखी एक पत्र लिहायला मोकळा आहे.

तुझं उत्तर येईना, तेव्हा बाईंनी मलाच शिकवायला घेतलं. त्या पस्तिशीच्या असतील. मला "काका" म्हणाल्या, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पण शिकवतात छान.

"काका, हा मूळ साचा. ह्यात वर एकदा लिहिलं की सगळ्या साठ हजार पानांना लागू. प्रत्येक पानात परत लिहायला नको."

हे मला लगेच कळलं. व्याकरणात आम्ही हेच करतो. वरच्या नियमातला शब्द खालच्या नियमांत आपोआप चालत येतो, तो दरवेळी लिहायचा नसतो. बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "असं होय," आणि पुढे गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, दोन स्टाइलशीट एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं बोलतायत. एक म्हणते शब्द काळा, दुसरी म्हणते निळा. दोघींचा जोर सारखा. ब्राउझर कुणाचं ऐकेल?"

"मोठीचं," मी म्हणालो.

"नाही काका. जी शेवटी आली तिचं."

थोरल्या भावांच्या दृष्टीने ही व्यवस्था अपमानाची आहे, पण शास्त्राला धरून आहे. तुल्यबळ नियम भिडले की पुढचा जिंकतो, हे मी तुला तू दहावीत असताना सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "मग आपल्या घरात उलटं का?"

म्हणूनच तू 'नितळ' आधी ठेवली होतीस. ती सगळं पुसून पान कोरं करते. त्यावर 'वेष' चढतो. आणि 'अपवाद' सर्वांत शेवटी, म्हणजे जुन्या जोडाक्षरांना मोठा टाइप, लांब शब्दांना जास्त जागा, असे जे लाडके आहेत त्यांचं चालावं. स्क्रिप्टचंही तसंच. 'सारथी' आधी बसला पाहिजे, कारण बाकी तिघं त्याच्या हातातल्या लगामावर चालतात. तो नंतर आला, तर ते तिघं रिकाम्या जागेला हाका मारून गप्प होतात.

क्रमाला इतकं महत्त्व असतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काल मी स्वतःच्या हाताने 'वेष'मध्ये मथळ्याचा रंग बदलला. पानावर काहीही फरक पडला नाही. तीनदा बदलला. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे जुनीच प्रत धरून बसलाय ब्राउझर. नवीन आलंय हे त्याला कळतच नाही. फाइलच्या नावापुढचा आकडा बदला, मग जागा होईल."

"माणसांना असा आकडा असतो का?"

"काय?"

"काही नाही."

आणखी एक गोष्ट आहे. नव्या साइटवर 'कोशाची वाटचाल' असं एक पान असणार. विसर्गांनी लिहिलं आहे. (विसर्ग अजून प्रमुख संपादक आहेत. वाक्य संपवताना सोडतात तो श्वास आता जरा लांबला आहे, एवढाच फरक.) प्रूफ माझ्याकडे आलं आहे. त्यात एका वाक्यात तू आहेस. नाव नाही, पण आहेस.

सावकाश कळवतो.

दादा


२० फेब्रुवारी, शुक्रवार

टिटवे,

ते वाक्य असं आहे:

'तांत्रिक सहायिकेच्या निष्काळजीपणामुळे उद्घाटनप्रसंगी संकेतस्थळ बंद पडले. तथापि संपादक मंडळाने परिस्थिती सावरली.'

संपादक मंडळाने नेमकं काय सावरलं, ते मी पुढच्याच रांगेत बसून पाहिलं आहे. विसर्गांनी माइक सावरला. तीनशे माणसांसमोर पडदा उजळला, त्यावर शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि पाहुण्यांनी शोधाच्या चौकटीत टाइप केलेला पहिला शब्द तिथेच फुकट बसून राहिला. माणसं आधी थांबली, मग खोकली, मग हसली. तू मागे जमिनीवर मांडी घालून, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांवर लॅपटॉप ठेवून बसली होतीस. चाळीस मिनिटांनी सगळं सुरू झालं. तोवर तीनशेतले साठ उरले होते.

मी 'निष्काळजीपणामुळे' खोडून 'अडचणीमुळे' केलं, आणि 'सहायिकेच्या' हा शब्दच काढला. नुसतं 'तांत्रिक अडचणीमुळे'. कोणाचं नाव नको, कोणाचं गाव नको. चांगलं केलं, असं वाटून त्या दिवशी एक चहा जास्त घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रूफ परत आलं. दोन्ही शब्द लाल शाईने जिथल्या तिथे बसवले होते आणि समासात लिहिलं होतं, 'आपणांस प्रूफ तपासावयास दिले आहे, इतिहास नव्हे.'

आईकडून कळलं की तू पुस्तकांच्या गोदामात खोक्यांवर लावायच्या पट्ट्या छापतेस. मी विचारलं, "वेबसाइटचं काम नाही करत?" ती म्हणाली, "कोण देणार? जिथे गेली तिथे आधीच्या नोकरीचं पत्र मागितलं. त्या पत्रात काय लिहिलंय, तुला माहीत नाही का?"

माहीत आहे. टंकलेखनाच्या दोन चुका मीच दुरुस्त केल्या होत्या त्यात.

आणि आता तोच शब्द साऱ्या जगाला दिसेल असा पानावर बसणार. सोळा मार्चला, सोमवारी. तुझ्या आडनावाने कोणी शोधलं, तरी चार पायऱ्यांत तिथे पोचेल. कोशाला उपयोगाची गोष्ट कमी पायऱ्यांत सापडावी, ही कल्पना तुझीच.

तू विचारशील, मला आज ह्याचा एवढा कळवळा का. कोणाही भावाला आला असता. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तू सहाला घरी गेलीस आणि तळटीप एकदा डोळ्यांखालून घालायला मला सांगून गेलीस. मी मूळ साचा उघडला, तळटीपेतला एक जास्तीचा स्वल्पविराम काढला आणि बंद केला. एवढाच माझा त्या प्रकरणाशी संबंध.

घरी नळ गळतो आहे. गळू दे म्हटलं. तेवढाच आवाज.

दादा


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टिटवे,

स्वल्पविराम काढला, हे खरं. एवढंच केलं, हे खोटं.

आज सगळं क्रमाने सांगतो. क्रमाने सांगण्याची मला फार हौस आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, असं आता मला कळलं आहे.

तू साच्यांची रोजची एक प्रत ठेवत होतीस. मंगळवारी बाई त्या जुन्या प्रती चाळत होत्या, काही उपयोगाचं निघतंय का पाहायला. उद्घाटनाच्या दिवसाची सकाळची प्रत उघडली आणि त्या हसल्याच.

"काका, हे बघा. सारथी चौथ्या ओळीत! पान चालणार कसं? रथ पुढे आणि हाकणारा मागून पळतोय."

मी चष्मा पुसला.

"पण हा क्रम तरी कसला?" त्या पडद्यावर बोट ठेवून वाचू लागल्या. फाइलींची नावं तू रोमन अक्षरांत लिहिली होतीस. "ए. मग यू. मग एस-एच. मग एस-ए. मशीनने लावला असता तर असा लागलाच नसता. एस-ए आधी, एस-एच नंतर, यू सगळ्यात शेवटी. तसा लागला असता तरी सारथी शोधच्या आधी आला असता, निदान शोध तरी चालला असता. हा कोणी शहाण्या माणसाने लावलेला दिसत नाही."

"शहाण्यानेच लावलाय," मी म्हणालो. "अ, उ, श, स."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही?"

"हो."

"का पण?"

का, हे त्यांना सांगता आलं नाही. तुला सांगून पाहतो. त्या संध्याकाळी स्वल्पविराम काढला आणि खाली नजर गेली. सारथी, शोध, उच्चार, अनुक्रम. तीस वर्षं मी शब्दांच्या चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावतो आहे. दारात चप्पल उलटी दिसली की तू पायाने सरळ करतेस ना, करताना तुला कळतही नाही, तसं माझ्या बोटांचं झालं. अनुक्रम, उच्चार, शोध, सारथी. मग वर तीन स्टाइलशीट होत्या, त्या तरी कशाला तशाच ठेवायच्या? अपवाद, नितळ, वेष. सगळं ओळीत आलं. मला फार बरं वाटलं, टिटवे. उद्या बहिणीचा मोठा दिवस, तिचा पसारा आपण आवरून ठेवला, असं वाटलं. घरी जाऊन मी गाढ झोपलो.

क्रमाचं मला कोणी सांगितलं नव्हतं, असं मागे लिहिलं, तेही खोटं. तू सांगितलं होतंस. माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणालीस, "दादा, ह्या सात ओळी हलवायच्या नाहीत हं." मी 'न'च्या चिठ्ठ्या तपासत होतो. मान हलवली. न ऐकता मान हलवण्याची विद्या मी घरीच शिकलो आणि कार्यालयात तीत पारंगत झालो.

पुढची बैठक तुला आठवतच असेल. तू म्हणालीस, "ओळींचा क्रम कोणीतरी बदलला होता." विसर्ग म्हणाले, "पासवर्ड कपाटावर चिठ्ठी लावून कोणी ठेवला होता? आपणच ना? म्हणजे कोणीही बदलू शकतं. ह्यालाच निष्काळजीपणा म्हणतात." मग त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "कुणी हात लावला होता का?"

नऊ माणसं होतो आम्ही. माझ्यावर नजर आली, तेव्हा मी म्हणालो, "मी फक्त प्रूफं पाहतो."

ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून ते मला सहा वर्षं पुरलं. इतरांनी नुसती मिठाची गुळणी धरली. मी वर व्याकरणशुद्ध बोललो.

मला तेव्हा ठाऊक होतं का? संशय होता. संशय तपासून पाहायला कोशकाराला एक दुपार लागते. मी ती दुपार सहा वर्षं पुढे ढकलली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, असं लोक म्हणतात. त्यांनी कधी चोराला सुळीच्या पहिल्या रांगेत खुर्ची दिलेली पाहिली नसेल.

पण सहा वर्षं मी एका समजुतीवर काढली. ती ही, की तुला ठाऊक नाही. तू आम्हा सगळ्यांवर रागावून गेलीस, त्या सगळ्यांत मीही एक. मंगळवारी बाईंचं बोट अ, उ, श, स असं उतरत गेलं आणि माझ्या लक्षात आलं की हेच चार शब्द त्या सकाळी खुर्च्यांच्या उतरंडीवर तुझ्या पडद्यावर होते. वर्णक्रम लावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी माणसं कार्यालयात दोनच. एक विसर्ग, जे माऊस उलटा धरतात. आणि दुसरा मी. तुला चाळीस मिनिटं दुरुस्तीला लागली. मला ओळखायला एक क्षण लागला असेल.

म्हणजे बैठकीत तू माझं नाव घेतलं नाहीस. तू वाट पाहिलीस.

निघताना माझ्या टेबलापाशी थांबून तू म्हणालीस, "दादा, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "खणाची किल्ली ठेवून जा."

आईला मी नेहमी सांगत आलो की तुझा राग चुकीचा आहे, चूक माझी नव्हती. चूक हा मुद्दाच नव्हता तर. चूक तू त्याच दिवशी दुपारी माफ केली असतीस. हसली असतीस. जन्मभर चिडवलं असतंस.

आज पत्र इथेच थांबवतो. नव्या साइटला सतरा दिवस राहिलेत.

दादा


९ मार्च, सोमवार

टिटवे,

विसर्गांकडे गेलो होतो. तुला खोली आठवते, तशीच आहे. फक्त खिडकीसमोर आता दुसऱ्या इमारतीची भिंत आली आहे. ते म्हणतात, बरं झालं, लक्ष विचलित होत नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी बसायची खूण केली. मी बसलो नाही, म्हणून ते उठले. दोघं म्हातारे टेबलाच्या दोन बाजूंना उभे.

"सहा वर्षांनी सांगताय?"

"हो."

"मी तीन आठवड्यांत निवृत्त होणार, आणि आज?"

"हो."

"तुमचं नाव मी वर पाठवलं आहे. प्रमुख संपादक म्हणून. ठाऊक आहे ना?"

"परत मागवा."

मग तो लांब श्वास. "हे पाहा, हट्ट सोडा. मी ते वाक्यच काढून टाकतो. ना तिचा दोष, ना तुमचा. वेबसाइट सुरू झाली, आनंद झाला. झाकली मूठ."

"मूठ सहा वर्षं झाकलेलीच होती," मी म्हणालो. "आत बहीण होती."

ते त्या भिंतीकडे वळून म्हणाले, "मी लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर तुमच्या हाताने लिहा, आणि खाली सही करा. तिचं पत्रही नवीन करून द्यायचं असेल, तर आणा, त्यावर मी सही करीन. पण त्या खुर्चीचं विसरा."

मी म्हणालो, "तिचं लाकूड माझ्या पाठीला तसंही सोसलं नसतं."

ते हसले नाहीत. मला वाटतं, मलाही हसू आलं नव्हतं. वीस वर्षं मी त्या खुर्चीकडे किती वेळा पाहिलं असेन, ते तुला सांगायला नको. तू एकदा त्यावरून माझी नक्कल केली होतीस.

सोबत नवं पत्र आहे, विसर्गांच्या सहीचं. त्यात लिहिलं आहे की त्या दिवशीचा बिघाड तुझ्या हातून झाला नव्हता आणि दुरुस्त तूच केलास. टंकलेखनाच्या चुका नाहीत, चारदा वाचलं. खोक्यांच्या पट्ट्या छापणं तुला आवडत असेल, तर फाडून टाक. आवडत नसेल, तर जपून ठेव.

पानावर जाणारी वाक्यंही इथे उतरवून देतो. सोमवारी सोळाला चढतील.

'उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ह्या कोशाच्या सहसंपादकाने मूळ साच्यातील ओळींचा क्रम बदलला, त्यामुळे संकेतस्थळ बंद पडले. तांत्रिक सहायिकेने ते चाळीस मिनिटांत दुरुस्त केले. दोष तिच्यावर आला, तेव्हा खरा प्रकार सांगायचे राहून गेले.'

खाली माझी सही. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचं मराठी फार छान आहे." मीही तसंच समजतो.

तू माफ करावंस, असं ह्या पत्रात कुठे लिहिलेलं नाही. तपासून पाहिलं आहे.

दादा


१७ मार्च, मंगळवार

टिटवे,

काल साइट सुरू झाली. ह्या वेळी पाहुणे नव्हते, माइक नव्हता. बाईंनी एक बटण दाबलं, पाच माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या दोघांनी हळूच. दुपारी त्या आपलं सामान आवरून निघाल्या. जाताना म्हणाल्या, "काका, बहिणीचं काही कळलं तर मला कळवा हं." मी हो म्हणालो. गेल्यावर लक्षात आलं, त्यांचा नंबर घेतलेला नाही.

आज सकाळी आईचा फोन आला. तू तिथे होतीस, हे मला पहिल्या मिनिटात कळलं, कारण आई नेहमीपेक्षा मोठ्याने आणि फार सावध बोलत होती. पाणी येतं का, जेवलास का, नळ दुरुस्त केलास का. मी सगळ्याला हो म्हणत होतो, नळालासुद्धा. आणि मग मागून तुझा आवाज आला.

"त्याला विचार, राहून गेलं म्हणजे काय."

सहा वर्षांनी ऐकला. जरा बसलेला वाटला. सर्दी झाली आहे का?

आई म्हणाली, "अरे, ती विचारतेय..."

"ऐकलं मी."

"राहून गेलं म्हणे!" तू आईशीच बोलत होतीस, पण भिंतीला ऐकू जाईल एवढ्याने. "चष्मा राहून जातो. दूध तापवायचं राहून जातं. त्याला म्हणावं, तू रोज सकाळी उठून ठरवत होतास."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतून असे लपलेले कर्ते हुडकून काढतो आहे. माझ्याच वाक्यातला माझ्यासमोरून पळाला, आणि मी चारदा वाचूनही मला दिसला नाही. किंवा दिसला.

"तिला सांग," मी म्हणालो, "रोज ठरवत होतो. बरोबर आहे तिचं. जाणूनबुजून."

आईने सांगितलं नाही. फोन तुझ्या दिशेने धरलेला होता, हे मला श्वासावरून कळलं. तू म्हणालीस, "मग तसं लिही."

"तिला फोन देतेस?" मी आईला विचारलं.

मागे भांड्यांचा आवाज झाला. आई परत आली ती हळू बोलत. "आज नाही म्हणते."

कार्यालयात पोचल्याबरोबर लिहिलं. शेवटचं वाक्य आता असं आहे: 'दोष तिच्यावर आला, तेव्हा सहसंपादकाने सहा वर्षे जाणूनबुजून मौन पाळले.' 'मौन पाळले' हेही जरा सोवळ्यातलं झालं, असं अकराच्या सुमारास वाटलं. मग ते काढून 'सत्य लपवले' केलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी चढवलं. विसर्गांनी ते पाहिलं.

आणखी काही शब्द टोचत असतील तर आईकडून कळव, मी बदलीन. फोनच करायला हवा, असं नाही. मी साडेसहापासून घरी असतो, एवढं कळवून ठेवतो.

दादा